सणाचं जेवण मी एकट्याने करायचं ठरवलं त्याची गोष्ट (आणि जेलीचं एक न सुटलेलं कोडं)

हौशी_बल्लव
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण परवा आमच्याकडे जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही, आणि घरच्यांना सांगण्यात अर्थ नाही कारण ते सगळे साक्षीदार आहेत.

तर दर सणाला आमच्याकडे आई आणि बायको मिळून आठ-दहा माणसांचं जेवण करतात आणि मी खुर्च्या लावणे, बाजारातून राहिलेलं आणणे आणि 'वास मस्त येतोय हं' म्हणणे ही कामं करतो. यंदा काय झालं कोण जाणे, महिनाभर रात्री पडल्या पडल्या स्वयंपाकाचे व्हिडिओ बघून डोक्यात हवा गेली असावी, मी सगळ्यांसमोर जाहीर करून बसलो की या वेळी सगळं मी करणार, एकटा, पाच कोर्सचं, आणि स्वयंपाकघरात कुणी पाऊल ठेवायचं नाही. बायको इतक्या चटकन 'बरं' म्हणाली तिथेच मला संशय यायला हवा होता. आई फक्त एवढंच म्हणाली, "ओव्हन एकच आहे रे आपल्याकडे." मला वाटलं ती उगाच माहिती देतेय.

मेनू: टोमॅटोचं सूप, घरी भाजलेला ब्रेड, अख्खी रोस्ट कोंबडी (अडीच किलोची, फ्रोजन), मॅश केलेले बटाटे आणि शेवटी अननसाची जेली, वर फेटलेलं क्रीम. माणसं आठ. यातला एकही पदार्थ मी आयुष्यात आधी केलेला नव्हता. 'व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे म्हणजे फार तर तास लागेल' असा माझा हिशेब.

सूप. रेसिपी इंग्रजी. त्यात लिहिलेलं, एट क्लोव्हज. आता क्लोव्ह म्हणजे लवंग हे मला शाळेपासून पाठ, मी मोजून आठ लवंगा घेतल्या, वर भाजून बारीक कुटून घातल्या कारण व्हिडिओतला माणूस काहीतरी भाजून कुटत होता. नंतर कळलं की तो लसूण होता. भाच्याला चव बघायला दिली तर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, माझा दात दुखत होता ना, तो थांबला."

ब्रेड. 'यीस्ट कोमट पाण्यात' असं होतं, मी विचार केला कोमटने एवढं होतं तर कडकडीतने लवकर होईल, किटलीतलं पाणी थेट ओतलं. दोन तासांनी फडकं उचलून पाहिलं तर गोळा जसाच्या तसा. अजून एक तास दिला. बोट लावलं तर खड्डा पडला आणि पडूनच राहिला. तरी तो भाजायचाच होता, पण ओव्हनमध्ये तेव्हा कोंबडी होती आणि तेव्हा मला आईचं वाक्य आठवलं.

कोंबडी. आदल्या रात्री ११ वाजता फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवली, अगदी नियमाप्रमाणे (असं मला वाटलं). दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला भरपूर लोणी चोपडून ओव्हनमध्ये. रेसिपीत ३५० डिग्री. आमच्या ओव्हनचं बटण २५० ला संपतं. म्हटलं ठीक आहे, आपला ओव्हन लहान आहे, फुल्ल करू आणि वेळ थोडा वाढवू. वीस मिनिटांत धूर. हॉलमधून आई, "काही जळतंय का रे?" मी, "नाही आई, कॅरमलाइझ होतंय." आणखी दहा मिनिटांनी परत, "अजून होतंय का कॅरमलाइझ?" पन्नास मिनिटांनी दार उघडलं तर आत कोळसा. मांडीत सुरी घातली तर गुलाबी. आणि पोटात सुरी घातली तर टक् असा आवाज आला. बर्फ. बाहेरून राख, आतून बर्फ.

बटाटे मात्र छान उकडले होते. हाताने किती वेळ कुस्करणार, आठ माणसांचे, म्हणून मिक्सरला फिरवले. दोन मिनिटांत त्यांचा डिंक झाला. चमचा घातला तो उभा राहिला, चमचा उचलला तर भांडंही वर आलं.

क्रीमचं मी फेटता फेटता फोन घेतला आणि फोनवर बोलत बोलत फेटत राहिलो. पुढचं तुम्हाला कळलं असेलच.

आणि आता माझा प्रश्न, ज्यासाठी हा धागा. बाकी सगळ्यात माझी चूक कुठे झाली ते मला साधारण कळलंय, पण जेलीत मी काहीही चुकलो नव्हतो. जिलेटिन मोजून घेतलं. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे भिजवलं, विरघळवलं. ताज्या, गोड अननसाचे तुकडे. रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पाणी. अजून एक पाकीट घातलं, परत चार तास फ्रिजमध्ये. पाणी. शेवटी फ्रीझरमध्ये ठेवली तर दगड झाली, बाहेर काढली की परत पाणी. जिलेटिन एक्सपायर झालेलं नव्हतं, तपासलं. काय झालं असेल?

शेवटी आम्ही काय जेवलो ते नंतर लिहितो, आत्ता जागं राहवत नाहीये.


कुकरची_शिट्टी
"अजून होतंय का कॅरमलाइझ" 😂😂 हसून हसून पुरेवाट. मातोश्रींना साष्टांग नमस्कार सांगा.


उगाचच
पाच कोर्सपैकी पाच फसले म्हणजे शंभर टक्के निकाल. असं सातत्य भल्याभल्यांना जमत नाही. 


ढ_मुलगी
जेलीचं उत्तर मला माहितीये मला माहितीये!! ताजा अननस!!! जिलेटिन म्हणजे प्रोटीन, आणि कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं जे प्रोटीन तोडतं. तू जितकं जिलेटिन घालशील तितकं ते कापत बसणार, दहा पाकिटं घातली असतीस तरी त्याने शांतपणे खाल्ली असती. डबाबंद अननस घेतला असतास तर मस्त धरली असती कारण तो डब्यात भरताना तापवतात आणि तापवल्यावर एन्झाइम निकामी होतं. म्हणजे घरी ताजे तुकडे पाण्यात पाचेक मिनिटं चांगले उकळून, गार करून घातले असतेस तरी झालं असतं. पपई आणि किवी पण हेच करतात. हे मला माहीत आहे कारण मी किवीची केली होती. बावीस वाट्या. ऑफिससाठी.


हौशी_बल्लव
बावीस वाट्या वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आणि अननस! म्हणजे मी रात्रभर फ्रिजमध्ये त्याला जेवायला वाढून ठेवलं होतं. पाकिटावर हे लिहायला काय होतं यांना.


काटेकोर
पाकिटावर लिहिलेलं असतं बऱ्याचदा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात. चष्मा लावून बघा.
आणि ढ_मुलगी यांच्या माहितीत थोडी भर: अगर-अगर वापरलं तर ही भानगड होत नाही, कारण ते समुद्री शेवाळापासून काढतात आणि ते प्रोटीन नसून कर्बोदक आहे, ब्रोमेलेन त्याला हात लावत नाही. फक्त अगर नीट उकळावं लागतं, नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही.


हौशी_बल्लव
चष्मा लावला. लिहिलंय. "ताजा अननस, किवी, पपई वापरू नये." मी या धाग्याचा हा भाग काढून टाकू शकतो का?


काटेकोर
नाही.


तिरपागडी
बल्लवा, ३५० चं कुणीच बोलत नाहीये का? अरे बाबा ते फॅरेनहाइट होतं!! अमेरिकन रेसिपी असणार. ३५० फॅरेनहाइट म्हणजे आपले साधारण १७७ सेल्सिअस, लोक १८० धरतात. तू ठेवलंस २५० सेल्सिअस, म्हणजे त्यांच्या भाषेत ४८२. सत्तरहून जास्त डिग्री वर! आणि वर "थोडा वेळ वाढवू"! लोणी तर एवढ्या उष्णतेत टिकतच नाही, त्यातला दुधाचा अंश आधी करपतो, धूर त्याचाच.
घरचा कुठलाही ओव्हन ३५० सेल्सिअसला जात नाही सहसा, तेव्हा आकडा बटणाच्या बाहेरचा दिसला की आधी शंका घ्यायची.


हौशी_बल्लव
...मी तीन दिवस ओव्हन बदलायचा म्हणून बायकोच्या मागे लागलोय.


उगाचच
नाचता येईना ओव्हन वाकडा.


मोजूनमापून
पण नुसतं तापमान बरोबर असतं तरी कोंबडी झालीच नसती, कारण ती वितळली नव्हती. फ्रिजमध्ये गोठलेली कोंबडी वितळायला दर सव्वादोन-अडीच किलोला जवळपास २४ तास धरतात. तुमची अडीच किलोची, मिळाले साडेअठरा तास. पोटात बर्फ राहणारच, तो भाग सगळ्यात शेवटी सुटतो. उशीर झालाय असं लक्षात आलं तर गार पाण्याची युक्ती आहे, कोंबडी न गळणाऱ्या पिशवीत बांधून गार पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, अर्ध्या किलोला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे तुमची दोन-अडीच-तीन तासांत झाली असती. मात्र मग लगेच शिजवायची. ओट्यावर दिवसभर काढून ठेवायची नाही, ५ ते ६० डिग्रीच्या मधे जिवाणूंची चैन असते, बाहेरचा भाग केव्हाच त्या टप्प्यात येतो आणि आत अजून बर्फ असतो.

आणि झाली की नाही हे सुरीने, रंगाने ठरवू नका. काटा असलेला थर्मामीटर घ्या, मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता. ७४ दिसले की झाली.


कुकरची_शिट्टी
मोजूनमापून, नावाला जागलात 🙏


लवंगलता
लवंगांचं वाचून ढसाढसा हसले. भाच्याचं निदान शास्त्रशुद्ध आहे हां पण, लवंगेतलं युजेनॉल दातांचे डॉक्टर खरंच वापरतात, सूप नव्हतं ते, उपचार होते.
माझ्या बहिणीने उलट केलं होतं, मसाल्यात लवंगा हव्या होत्या तिथे लसूण घातला. गोड पदार्थ होता. जाऊ द्या.


वाचनमात्र_२
खूप दिवसांनी लॉगिन केलं फक्त हे लिहायला. माझा किस्सा छोटा आहे. रेसिपीत स्पून होता, त्याच्या आधी टी. आता इंग्रजीत लहान लिपीतला टी असेल तर टीस्पून, कॅपिटल टी असेल तर टेबलस्पून हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५, म्हणजे तिप्पट. शिवाय बेकिंग पावडर संपली होती म्हणून मी सोडा घातला, 'एकच की ते'. नाही एकच, सोडा तीन-चार पट जोरकस असतो. तर तिप्पट गुणिले तीन-चार. केक आधी फुगला, मग टिनच्या बाहेर आला, मग ओव्हनच्या तळाशी उतरला आणि तिथे दुसरा केक तयार झाला. आमच्या ह्यांनी मन राखायला एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, साबणाच्या वडीचा फ्लेवर मुद्दाम घातलास का.


ढ_मुलगी
"तिथे दुसरा केक तयार झाला" मी ऑफिसात आहे आणि लोक बघतायत माझ्याकडे 😭


निरुपद्रवी
बटाट्याचं कारण लिहितो, कारण मी पण एकदा भिंतीला पोपडे चिकटवता येतील असा मॅश केलेला आहे. उकडलेल्या बटाट्याच्या पेशींमध्ये फुगलेला स्टार्च बंद असतो. हाताने किंवा चाळणीतून दाबून कुस्करलं तर पेशी बऱ्यापैकी अख्ख्या राहतात, मऊ लागतं. मिक्सरचं पातं त्या पेशी फोडतं, स्टार्च बाहेर येतो आणि पाण्यात मिसळून खळ होते. एकदा झाली की परत मागे जात नाही. लोणी घाला, दूध घाला, खळच. उकडल्यावर पाणी निथळून दोन मिनिटं मंद आचेवर कोरडे करून घ्यायचे आणि गरम असतानाच हाताने कुस्करायचे. आणि काळजावर दगड ठेवून थांबायचं, अजून गुळगुळीत करू, अजून करू असं करायचं नाही.


काटेकोर
बल्लव यांचे यीस्ट त्या किटलीतल्या पाण्यानेच गेले. यीस्ट जिवंत बुरशी आहे. पाणी ४० डिग्रीच्या आसपास, मनगटावर घेतलं तर जेमतेम ऊबदार लागेल इतपत. साठीच्या घरात गेलं की यीस्ट मरतं, किटलीतलं तर उकळतंच होतं. आणि पीठ मळायच्या आधीच कळतं ते, साखर घातलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटांत फेस आला नाही तर पुढे जाऊच नये. तुम्ही तीन तास मेलेल्या यीस्टला फडकं घालून ऊब देत होता.

अवांतर: "कॅरमलाइझ" हा शब्द कोंबडीला लागू नाही. ते साखरेचं होतं. मांसावर जो तपकिरी रंग येतो ती मैयार अभिक्रिया, प्रोटीनचे घटक आणि साखर यांची. लुई-कामीय मैयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. तुमच्याकडे जे झालं ते त्याच्याही पुढचं, त्याला मराठीत करपणे म्हणतात.


उगाचच
काटेकोर, एकदा आमच्याकडे जेवायला या, मी तुमच्यासमोर काहीच बनवणार नाही.


सडेतोड
सगळे हसताय म्हणून रसभंग करते, सॉरी. पण या असल्या गोष्टींचा शेवट मला नेहमी एकच दिसतो, मुलगा हौस करतो, पसारा घालतो, आणि निस्तरायला आई किंवा बायको. "शेवटी काय जेवलो ते नंतर लिहितो" म्हणजे आईने केलं असणार, पैज लावते. आणि भांडी?


तिरपागडी
सडेतोड, +१ पण निदान त्याने करून तर बघितलं. आमच्याकडे चहाची गाळणी कुठे असते हे वीस वर्षांत कळलेलं नाही.


सडेतोड
ते 'निदान' आहे ना तेच खटकतं मला. असो. धागाकर्त्याने उत्तर द्यावं.


हौशी_बल्लव
देतो. सडेतोड, पैज तुम्ही जिंकलात, पण अर्धी.

सात वाजता परिस्थिती अशी होती: स्वयंपाकघरात धूर, ओट्यावर कोळशाची कोंबडी, डिंक, ब्रेडचा न फुगलेला गोळा, औषधी सूप, फुटलेलं क्रीम. पाहुणे साडेआठला येणार. मी स्टुलावर बसून मोबाईलवर बाहेरून काय मागवता येईल ते बघत होतो. आई दारात आली, आत नाही, उंबऱ्यावर, आणि म्हणाली, "पाऊल ठेवू का?" अशी वेळ शत्रूवर येऊ नये.

मग तिने काय केलं ते ऐका. क्रीमच्या भांड्यात बघितलं आणि म्हणाली, "अरे हे लोणी झालंय की, टाकतोस काय." खरंच, गार पाण्यात धुऊन घेतलं तर छान गोळा. कोंबडीची काळी साल मी सोलली, तिने सुरीने आणि कात्रीने तुकडे केले, मी तेव्हा खिडक्या उघडत आणि रडणारा धुराचा अलार्म टॉवेलने वारा घालून गप्प करत होतो. तुकडे कुकरमध्ये, पाणी, कांदा, मीठ, आणि त्या लवंगाच्या सुपातलं फक्त दोन डाव ("एवढ्यातल्या लवंगा पुरेत बाराजणांना"). चांगलं रटारटा शिजवल्यावर मांस हाडावरून सुटून आलं. आणि मग तिने त्यात बटाट्याचा डिंक घातला! सगळा. ढवळत राहिली आणि रस्सा असा दाट, मलईसारखा झाला की मैदा-बिदा काही लागला नाही. निरुपद्रवी, तुमची ती खळ, ती खळच कामाला आली.

ब्रेडच्या त्या गोळ्याचे तिने पातळ पातळ काप केले, अगदी कागदासारखे, आणि आता रिकाम्या झालेल्या ओव्हनमध्ये १५० ला कडक होईपर्यंत भाजले. फुगला नव्हता म्हणूनच इतके पातळ कापता आले. वर ते लोणी. आणि जेली गाळून, बर्फ घालून, ग्लासात. सरबत म्हणून. पाहुण्यांनी दोनदा मागितलं.

नऊला जेवायला बसलो. सूप-टोस्ट-सरबत. दीरमंडळी म्हणजे माझा धाकटा भाऊ म्हणाला, दादा खरंच पाच कोर्स आहेत का, मी म्हटलं हो, एकाच वाडग्यात आहेत.

भांडी: मी. रात्री दीडपर्यंत. ओव्हनचा तळ दुसऱ्या दिवशीही मी. बायको सोफ्यावर पाय वर करून बसली होती आणि मधूनमधून 'वास मस्त येतोय हं' म्हणत होती.


सडेतोड
ओव्हनचा तळ स्वतः घासला असेल तर माफ. आणि तुमच्या आईचं ते लोणी-डिंक-टोस्ट प्रकरण वाचून अंगावर काटा आला. याला म्हणतात स्वयंपाक येणं.


काटेकोर
"दीरमंडळी म्हणजे माझा धाकटा भाऊ". दीर तुमच्या पत्नीचा. तुमचा भाऊच.


हौशी_बल्लव
काटेकोर, सोडा हो, बायकोच्या तोंडून ऐकून ऐकून सवय झालीये.


मोजूनमापून
"ओव्हन एकच आहे" याबद्दल थोडं, कारण खरी गोम तिथेच होती आणि मातोश्रींनी ती पहिल्याच दिवशी सांगितली. असं जेवण असेल तर कागद घ्यायचा, खाली जेवायची वेळ लिहायची आणि उलटं वर जायचं. साडेआठला वाढायचं तर कोंबडी आठच्या आत बाहेर. बाहेर काढल्यावर तिला वीस-तीस मिनिटं तशीच ठेवायची असते, रस परत मुरतो, कापताना सगळा ताटलीत येत नाही. ही जी वीस-तीस मिनिटं आहेत ना, तीच ब्रेडची. ओव्हन तापलेलाच आहे, तापमान वाढवून ब्रेड आत. गार खायचं ते सगळं आदल्या दिवशी. गॅसवर होणाऱ्या गोष्टी शेवटी. कागद केलात तर दुपारी दोन वाजताच दिसतं की हे होणार नाहीये, आणि एक पदार्थ कमी करता येतो. मी तर म्हणेन पाहुणे येणार त्या दिवशी नवीन पदार्थ एकच, बाकी डोळे मिटून येणारे.


उगाचच
त्याला डोळे मिटून काहीच येत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.


कुकरची_शिट्टी
धुरावरून आठवलं, हसण्यावारी नेऊ नका कुणी, ओव्हनमध्ये नुसता धूर नाही तर ज्वाळा दिसली तर दार उघडायचं नाही, बटण बंद करून तसंच ठेवायचं, हवा मिळाली नाही की विझते. आणि तेला-लोण्याच्या आगीवर पाणी तर अजिबातच नाही, भडका उडतो. गॅसवरचं भांडं असेल तर आच बंद आणि झाकण.
माझी फजिती: काचेचं बेकिंगचं भांडं ओव्हनमधून काढलं आणि ओट्यावर ठेवलं. ओटा नुकताच पुसलेला, ओला. एक सेकंद काही नाही, मग फट्ट. भांड्याचे इतके तुकडे झाले की सहा महिन्यांनी फ्रिजच्या मागे एक सापडला. आता कोरड्या जाड फडक्यावरच ठेवते.


ढ_मुलगी
माझी चॉकलेटची पण घ्या मग. वितळलेल्या चॉकलेटमध्ये वाफेचे दोन थेंब पडले आणि त्याची वाळू झाली, मी टाकून दिलं. नंतर कळलं की दोन थेंब पाण्याने आवळतं, पण अजून थोडं गरम पाणी किंवा दूध घालून ढवळलं असतं तर मस्त सॉस झाला असता. म्हणजे चूक पाणी पडण्याची नाही, कमी पाणी पडण्याची! आयुष्यात असा हिशेब दुसरीकडे कुठे लागू होत नाही.


गप्पिष्ट_आजी
सगळे प्रतिसाद वाचले. बल्लवा, एक विचारू का बाळा. फ्रोजन अख्खी कोंबडी होती म्हणतोस, तर तिच्या पोटातली ती पिशवी काढली होतीस ना रे?


हौशी_बल्लव
कसली पिशवी, आजी?


तिरपागडी
अरे देवा.


गप्पिष्ट_आजी
अख्ख्या कोंबडीत बरेचदा काळीज, पेटा, मान असं सगळं प्लॅस्टिकच्या किंवा कागदाच्या पिशवीत घालून पोटात ठेवलेलं असतं. ओव्हनमध्ये घालायच्या आधी ती काढायची असते. कागदाची असली तर एक वेळ ठीक, पण प्लॅस्टिक आत वितळलं तर अख्खी कोंबडी टाकून द्यावी लागते.


मोजूनमापून
सुरी घातल्यावर "टक्" आवाज आला म्हणाला होतात. बर्फाच्या गोळ्यात होती ती बहुतेक.


हौशी_बल्लव
थांबा. आईला विचारून येतो.


उगाचच
कोणीही हलू नका.


हौशी_बल्लव
विचारलं. म्हणाली, "होती की. प्लॅस्टिकची. बर्फात गच्च बसलेली, म्हणून वितळली नाही, अख्खी निघाली. तू टॉवेल हलवत होतास तेव्हा काढून टाकली मी." मी म्हटलं मग तेव्हा बोलली का नाहीस? म्हणाली, "तेवढं एकच राहिलं होतं तुझं, म्हटलं असू दे."


सडेतोड
मी या बाईंची फॅन झाले आहे.


ढ_मुलगी
म्हणजे कच्ची राहिली म्हणून वाचलात!! नीट वितळवली असतीस आणि पिशवी राहिली असती तर???


काटेकोर
तर दोन्ही चुका एकदम केल्यामुळे कोंबडी खाण्यालायक राहिली. हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.


हौशी_बल्लव
आई विचारतेय पुढच्या सणाला काय करतोयस. बायको मागून म्हणतेय, "खुर्च्या."